०.४ गिगाहर्ट्झसाठी जास्त पैसे द्यायचे का? माझ्या वहीतला हिशोब

नवीन लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं दोन दिवसांत उरकेल. लागले पाच आठवडे. त्यातले चार आठवडे एकाच प्रश्नावर गेले, की दोन मॉडेलं जवळजवळ सारखी आहेत, एक किंचित फास्ट आहे आणि साधारण १८ टक्के महाग आहे, तर ते जास्तीचे पैसे द्यायचे का नाही. मला याचं सरळ उत्तर कुणीच दिलं नाही, जो तो म्हणाला "बजेट असेल तर घे". बजेट ताणलं तर बसत होतं, म्हणूनच तर प्रश्न होता. शेवटी मी स्वतःच मोजायला बसले, आणि कसं मोजलं, काय निघालं ते सगळं लिहितेय, कारण असं कुणी आधी लिहिलेलं सापडलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

आधी माझं काम सांगते, कारण सगळा हिशोब त्याच्यावरच आहे. दिवसा भाषांतर करते, आणि उरलेल्या वेळात जुनी, छपाई बंद झालेली पुस्तकं स्कॅन करून त्यांचं ओसीआर करते, म्हणजे पानाच्या फोटोवरून टाइप केलेला मजकूर काढायचा. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरते. मग तो मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. या कामावर माझा फार जीव आहे, त्यामुळे मशीन अडलं की मला खरंच त्रास होतो.

जुना लॅपटॉप २०१७ साली घेतलेला. इंटेलचा कोअर आय५-७२००यू प्रोसेसर, त्यात २ कोअर (म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ८ जीबी रॅम. चालत होता तसा. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक सोय) लागतं, माझा सातव्या पिढीचा. आडवाटेने टाकता येतं म्हणे, पण ज्या मशीनवर लोकांची कागदपत्रं भाषांतराला येतात त्याच्यावर मला तसलं काही नको होतं. हे लक्षात ठेवा, याचा पुढे संबंध येणार आहे.

दोन मॉडेलं समोर होती, एकाच कंपनीची, तीच बॉडी, तोच स्क्रीन, तीच ५१२ जीबी एसएसडी, १६ जीबी रॅम. फरक एवढाच की एकात कोअर आय५-१३३५यू आणि दुसऱ्यात कोअर आय७-१३५५यू. धाकट्या भावाला फोन केला, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो एका दमात म्हणाला, "ताई, आय७ घे. प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, रॅम टाकता येते. पाच-सात वर्षं वापरणारेस, आत्ता वाचवशील आणि नंतर पस्तावशील."

त्याचं म्हणणं चुकीचं नाहीये. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेला असतो, तो कायमचाच. मी जवळजवळ आय७ फायनल केलं होतं. पण रात्री सहज इंटेलच्या साइटवर दोघांची माहिती शेजारी शेजारी उघडून बघितली आणि मला जरा धक्काच बसला. कोअर दोन्हीत १०, त्यात २ मोठे आणि ८ छोटे. थ्रेड, म्हणजे एकदम चालू शकणारी कामं, दोन्हीत १२. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, दोन्हीत १२ एमबी. बेस पॉवर, म्हणजे सतत काम करताना धरलेली वीज, दोन्हीची १५ वॅट. फरक काय तर जास्तीत जास्त टर्बो स्पीड, एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४.६ अब्ज ठोके) आणि दुसऱ्याचा ५.०, आणि आतल्या ग्राफिक्समध्ये ८० युनिटं विरुद्ध ९६. बस. मी इतकी वर्षं समजत होते की आय७ म्हणजे आय५ पेक्षा वेगळ्याच जातीचं काहीतरी असतं!

५.० भागिले ४.६ म्हणजे १.०८७. म्हणजे सगळं अगदी मनासारखं झालं तर पावणेनऊ टक्के फास्ट. आणि हे मनासारखं होणं म्हणजे काय तेही बघा, टर्बो हा आकडा एखाद-दुसरा कोअर थोडा वेळ किती जोरात पळू शकतो त्याचा असतो. सगळे कोअर एकदम कामाला लागले की सगळ्यांना मिळून तेवढीच पॉवर वाटून घ्यायची असते, उष्णता वाढते, आणि स्पीड खाली येतो. दोघांना पॉवर सारखीच मिळणार असेल आणि पंखा तोच असेल तर लांबच्या कामात दोघं जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबणार, असं माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेव्हा आलं.

नावांवर जाऊ नका हे मला इथे अगदी कळकळीने सांगायचंय. त्याच पिढीत कोअर आय५-१३४०पी आहे, त्यात १२ कोअर आणि १६ थ्रेड आहेत आणि बेस पॉवर २८ वॅट. म्हणजे सगळे कोअर वापरणाऱ्या कामात हा 'पाच'वाला त्या 'सात'वाल्याला मागे टाकू शकतो, आणि दुकानात पाटीवर मात्र फक्त आय५ आणि आय७ लिहिलेलं असतं. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीकडेही तसंच, त्यांच्या ७००० सिरीजच्या लॅपटॉप चिपांमध्ये नंबरातला तिसरा आकडा आतली रचना सांगतो, म्हणजे रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ नावाची रचना, जी २०१९ सालची, ४ कोअर. आणि रायझन ५ ७५४०यू मध्ये झेन ४, ६ कोअर. नावात २० चा फरक, आत दोन पिढ्यांचा. त्यामुळे "किंचित फास्ट" हा फरक कधी खरंच किंचित असतो आणि कधी नावाखाली मोठा फरक लपलेला असतो, ते आतलं पान उघडल्याशिवाय कळत नाही.

आता आकडे कळले, पण पावणेनऊ टक्के म्हणजे माझ्यासाठी किती? इथे मी वही घेतली.

नियम सोपा ठेवला. सोमवार ते शुक्रवार, लॅपटॉपसाठी ५ सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की वहीत लिहायचं: काय करत होते, किती वेळ, आणि त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये काय भरलेलं होतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं दिसतं. तो मी दिवसभर एका कोपऱ्यात उघडाच ठेवला. पहिल्या दिवशी फार कंटाळा आला, दर वेळी थांबून लिहायचं म्हणजे कामच होईना, पण दुसऱ्या दिवसापासून सवय झाली आणि खरं सांगायचं तर मजा यायला लागली, कारण जे वाटत होतं आणि जे लिहिलं जात होतं ते जुळतच नव्हतं.

पाच दिवसांची बेरीज १९० मिनिटं आली. ओसीआर ११८ मिनिटं. मेमरी भरून सगळं गोठणं ३१ मिनिटं. स्कॅन अपलोड करणं आणि वेबसाइटी उघडणं १९. लॅपटॉप सुरू होणं, अपडेट वगैरे १४. मोठी एक्सेल शीट आणि जाडजूड पीडीएफ ८.

बघताक्षणी वाटलं की बघा, ओसीआरच सगळ्यात मोठं, ते प्रोसेसरचं काम, म्हणजे आय७ च घ्यायला हवा. पण मग मी अजून एक रकाना केला, की त्या वेळात मी काय करत होते. ओसीआर लावून मी बहुतेक वेळा कागदावरची प्रुफं तपासत असते, किंवा उठून दुसरं काहीतरी करते. खरोखर स्क्रीनकडे बघत बसून राहिले असा वेळ ११८ पैकी साधारण २० मिनिटं होता, तोही पहिली चार-पाच पानं नीट निघतायत का ते बघण्यात. मेमरीची ३१ मिनिटं मात्र सगळीच्या सगळी माझ्या बोकांडी, कारण वाक्याच्या मधे माउस अडकतो तेव्हा दुसरं काही करताच येत नाही. म्हणजे मशीनचं थांबणं वेगळं आणि माणसाचं थांबणं वेगळं. माणसाचं थांबणं मोजलं तर ते ९२ मिनिटं निघालं, आणि त्यात प्रोसेसरमुळे झालेलं फक्त २८, म्हणजे ओसीआरची २० आणि शीट-पीडीएफची ८.

२८ मिनिटांचं काम पावणेनऊ टक्के जास्त स्पीडने केलं तर पावणेसव्वीस मिनिटं लागतील. आठवड्याला सव्वादोन मिनिटं वाचली.

हे काही मी शोधलेलं नाही, जीन अॅमडाल नावाच्या इंजिनियरने १९६७ सालीच हे मांडून ठेवलंय आणि त्याला अॅमडालचा नियम म्हणतात: एखादा भाग कितीही फास्ट केला तरी फायदा त्या भागाच्या वाट्याइतकाच. मी जगातला सगळ्यात भारी प्रोसेसर आणला, इतका की प्रोसेसरचं काम शून्य सेकंदात झालं, तरी माझ्या ९२ मधली ६४ मिनिटं तशीच राहणार. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याला दोनदा अधोरेखित केलं.

मग वर्षाचा हिशोब. कामाचे ५० आठवडे धरले तर ११२ मिनिटं. पाच वर्षांत ५६० मिनिटं, म्हणजे नऊ तास वीस मिनिटं. आता एवढं ऐकल्यावर वाटतं की नऊ तास काही कमी नाहीत. पण इथे एक चूक होती आणि ती लक्षात यायला मला दोन दिवस लागले. मी जुन्या लॅपटॉपवरचा वेळ धरून हिशोब करत होते. मी दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी जुन्यापेक्षा ते खूपच फास्ट असणार आहे, म्हणजे ती २८ मिनिटं आपोआपच कमी होणार आहेत, आणि जे पावणेनऊ टक्के मी विकत घ्यायचं म्हणते ते त्या उरलेल्यातले पावणेनऊ टक्के. दुकानदार, जाहिराती, व्हिडिओ सगळे नव्याची तुलना जुन्याशी करतात, आणि ती ऐकून आपण वरचं मॉडेल घेतो. पण जुन्यापासून नव्याकडे यायचे पैसे स्वस्त मॉडेलमध्येच भरून झालेले असतात, वरचे १८ टक्के फक्त स्वस्त आणि महाग यांच्यातल्या फरकाचे आहेत!

म्हणून मला खरं मोजून बघायचं होतं. ४० पानांचं एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, नेहमीची पानं, जुन्या छपाईची, थोडी फिकी, थोडी वाकडी. जुन्या लॅपटॉपवर त्याला ९ मिनिटं २० सेकंद लागली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे आय५-१३३५यू वाला लॅपटॉप आहे, जरा जाड बॉडीचा, तिने आनंदाने दिला. त्याच्यावर ३ मिनिटं ५ सेकंद. मग मामेभावाकडे आय७-१३५५यू आहे, एकदम पातळ, हलका. त्याच्यावर पहिल्यांदा २ मिनिटं ५८ सेकंद. मनात म्हटलं ठीक आहे, ७ सेकंद तरी पुढे आहे. पण माझं काम ४० पानांचं नसतं, ३००-३०० पानांचं असतं, म्हणून तेच फोल्डर लागोपाठ परत लावलं, परत लावलं. तिसऱ्या वेळी ३ मिनिटं २४ सेकंद लागले, पंखा जोरात चालू आणि कीबोर्डच्या वर हात ठेववेना. आय५ वर तिसऱ्या वेळीही ३ मिनिटं १० सेकंदच. म्हणजे पातळ बॉडीतला महाग प्रोसेसर जाड बॉडीतल्या स्वस्त प्रोसेसरच्या मागे पडला.

दोन वेगळ्या बॉडी होत्या, त्यामुळे ही काही शास्त्रीय चाचणी नाही हे मला मान्य आहे. पण त्यातून एवढं नक्की कळलं की उष्णता बाहेर कशी टाकली जाते याने पडणारा फरक ०.४ गिगाहर्ट्झच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. त्यानंतर मी बेंचमार्कचे, म्हणजे मशीनचा वेग मोजणाऱ्या तयार चाचण्यांचे, आकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघायला लागले. गीकबेंचमध्ये छोट्या छोट्या चाचण्या असतात, मधे थोडी उसंत असते, त्यात मशीन फार तापत नाही. सिनेबेंच आर२३ मुळातच १० मिनिटं चालवत ठेवतो, त्यात दम किती आहे ते दिसतं. तुमचं काम दोन सेकंदांचं असेल तर पहिला आकडा बघा, अर्ध्या तासाचं असेल तर दुसरा. आणि चार्जर लावून की बॅटरीवर, हेही सारखं ठेवा, मी एकदा विसरले आणि आकडे इतके विचित्र आले की अर्धी संध्याकाळ वाया गेली.

तर जुना ९:२० आणि नवा ३:०५ म्हणजे नवीन तिप्पट फास्ट. मग माझे नऊ तास वीस मिनिटं भागिले तीन, पाच वर्षांत साधारण तीन तास. आणि जास्तीचे पैसे कमवायला मला किती तास भाषांतर करावं लागेल ते काढलं तर २२ तास. २२ तास देऊन ३ तास घ्यायचे.

भावाला हे सगळं पाठवलं. त्याने नीट वाचलं (याबद्दल मला त्याचं फार बरं वाटतं, कारण उगाच "तू फार विचार करतेस" म्हणून सोडून दिलं नाही) आणि म्हणाला, "ठीक आहे, आत्ताचं पटलं. पण पुढे सॉफ्टवेअर जड होत जाणार, तेव्हा आय७ वर्षभर जास्त टिकेल."

याच्यावर मी बराच विचार केला, कारण "पुढची सोय" हे कारण मनाला लगेच पटतं. पण माझ्याच जुन्या लॅपटॉपकडे बघितलं तर काय दिसतं? तो संपला तो हळू झाला म्हणून नाही, सपोर्ट संपला म्हणून. २०१७ मध्ये मी जर जास्त पैसे देऊन त्याच मॉडेलमधला आय७-७५००यू घेतला असता तर? तोही सातव्याच पिढीचा, तोही २ कोअर ४ थ्रेडचाच, फक्त टर्बो ३.१ च्या जागी ३.५. विंडोज ११ ने दोघांनाही एकाच दिवशी दाराबाहेर ठेवलं असतं. आणि मधल्या काळात तो लॅपटॉप मला परत नव्यासारखा वाटला होता तो एकदाच, २०२० मध्ये फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हा. फिरत्या डिस्कला एखादी विखुरलेली फाइल शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ च्या आसपास. शंभरपट. प्रोसेसर तोच होता.

मला वाटतं "परवडत असेल तर वरचाच घ्या" हा सल्ला एका वेगळ्या काळातून आलाय आणि त्या काळात तो बरोबर होता. १९९३ मध्ये पहिला पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा, आणि २००० मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्झला पोचले होते, सात वर्षांत पंधरापट. तेव्हा मागे राहणं म्हणजे खरंच मागे राहणं होतं. मग २००४ मध्ये पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथून गाडी अडली, कारण ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी त्यांची उष्णता त्या प्रमाणात कमी होईना. डेस्कटॉपचा प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झला पोचायला २०२३ उजाडलं, ते पण टर्बोमध्ये. या वीस वर्षांत प्रोसेसर सुधारले नाहीत असं नाही, खूप सुधारले, पण ते एका गिगाहर्ट्झमध्ये जास्त काम करून आणि कोअर वाढवून. त्यामुळे एकाच पिढीत, तेवढेच कोअर असताना, फक्त गिगाहर्ट्झच्या फरकाला आता पूर्वीचं वजन राहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आय७ च्या बाजूने प्रामाणिकपणे मांडायला हवी. वेळ हा फक्त बेरजेचा नसतो, जाणवण्याचाही असतो. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्यात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. म्हणजे एखादी गोष्ट ११ सेकंदांवरून ९ वर आली तर तो फायदा दोन सेकंदांपेक्षा मोठा आहे. मी वही परत चाळली, पावणेनऊ टक्क्यांनी माझी कुठली नोंद ही रेघ ओलांडते का म्हणून. शेकडो नोंदींत दोन सापडल्या, दोन्ही एकाच भल्यामोठ्या पीडीएफच्या. बाकीच्या एकतर खूप अलीकडे होत्या नाहीतर खूप पलीकडे. मेमरीच्या नोंदी मात्र जवळजवळ सगळ्या १० सेकंदांच्या वर, आणि तिथेच माझं वाक्य हरवत होतं.

याच सुमारास अजून एक झालं ज्याने माझं मत पक्कं केलं. ओसीआर करणाऱ्या एका जुन्या जाणकार बाईंशी बोलणं झालं, मी त्यांना म्हटलं ४० पानांना नऊ मिनिटं लागतात हो, त्या म्हणाल्या, "अगं, तू एका वेळी एकच पान लावतेस का? आणि कुठलं मॉडेल वापरतेस?" टेसरॅक्ट एका पानासाठी अनेक थ्रेड वापरतं, पण ते थ्रेड एकमेकांसाठी थांबण्यातच बराच वेळ घालवतात. त्यापेक्षा एका पानाला एकच थ्रेड द्यायचा आणि जेवढे कोअर तेवढी पानं एकदम लावायची. शिवाय भाषेची मॉडेलं वेगवेगळ्या प्रकारची मिळतात, त्यात एक 'बेस्ट' आणि एक 'फास्ट', मी कायम बेस्टच वापरत आले. आणि स्कॅन मी ६०० डीपीआयचे (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) देत होते, जिथे टेसरॅक्टला ३०० पुरतात, ६०० म्हणजे चौपट पिक्सेल उगाच वाहायचे. आता मी ६०० ची मूळ प्रत जपून ठेवते, तीच संग्रहासाठी अपलोड होते, आणि ओसीआरला ३०० ची प्रत काढून देते.

तीन बदल केले आणि जुन्याच, २०१७ च्याच लॅपटॉपवर तीच ४० पानं ३ मिनिटं ५० सेकंदांत झाली. ९:२० वरून ३:५०! एक पैसा न देता. चुका वाढल्या का ते पाहायला दहा पानं अक्षर न अक्षर ताडली, स्वच्छ छपाईत फरक नगण्य, फिक्या आणि डाग पडलेल्या पानांत थोडा जाणवला, म्हणून तसल्या पानांना अजूनही बेस्टच लावते. आठ वर्षं मी मशीनला दोष देत होते याचं मला वाईट वाटलं.

शेवटी आय५ घेतला. त्याच मॉडेलमध्ये रॅमचा एक स्लॉट मोकळा होता, हे मात्र मी घ्यायच्या आधी तीनदा खात्री करून घेतलं, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅमसुद्धा सोल्डर केलेली असते आणि मग ती प्रोसेसरसारखीच कायमची. १६ जीबीची एकच पट्टी होती, शेजारी तशीच दुसरी टाकली, म्हणजे ३२ झाली आणि ड्युअल चॅनेलही झालं, म्हणजे प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलतो. याचा एक फायदा लगेच डोळ्यांना दिसला, एकच पट्टी असताना आतलं ग्राफिक्स नुसतं यूएचडी म्हणून दिसत होतं, दोन टाकल्यावर ते आयरिस एक्सई झालं. ज्यांनी आय७ फक्त त्या ९६ युनिटांच्या ग्राफिक्ससाठी घेतला आणि पट्टी एकच ठेवली त्यांना ते पूर्ण मिळतच नाहीये, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. एवढं करून फरकातले काही पैसे उरले, त्यात बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घेतली, जी मी तीन वर्षं पुढे ढकलत होते.

भावाचं मात्र वेगळं आहे आणि त्याला मीच म्हटलं की तू जास्त पैसे दे. तो दिवसात चाळीस-पन्नास वेळा प्रोग्राम बिल्ड करतो (म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो), दर वेळी दोन-तीन मिनिटं खुर्चीत नुसता बसून असतो, आणि ते काम सगळ्या कोअरवर वाटलं जातं. त्याची ९२ मधली ८० मिनिटं प्रोसेसरची निघतील, आणि तीही आठवड्याची नाही, दिवसाची. पण त्यानेसुद्धा गिगाहर्ट्झसाठी न देता कोअरसाठी आणि चांगल्या पंख्यासाठी द्यावेत, म्हणजे नावातला यू (कमी विजेवर चालणारा) सोडून एच (जास्त वीज घेणारा) बघावा. जाड आणि जड असेना का.

नवीन मशीन आल्यावर महिन्याने परत एक आठवडा वही लिहिली. माणसाचं थांबणं ९२ वरून २९ मिनिटांवर आलंय. ओसीआर ४, शीट आणि पीडीएफ २, सुरू होणं-अपडेट ५, मेमरी शून्य. अपलोड आणि वेबसाइटी १९ चे १८. म्हणजे आता जो वेळ जातो त्यातला बहुतेक नेटवर, ज्याला आय७ ने हातही लावला नसता. नेटच्या प्लॅनमध्ये डाउनलोडचा स्पीड मोठ्या अक्षरांत लिहिलाय, अपलोडचा कुठेच दिसेना, तो विचारायला दोन फोन करावे लागले, आणि तो डाउनलोडच्या दहाव्या हिश्श्याइतका निघाला. वरचा प्लॅन घेतला तर अपलोड दुप्पट होतो म्हणतात, किंमत जवळजवळ दीडपट. वहीची पानं अजून शिल्लक आहेत, या सोमवारपासून त्याची नोंद सुरू केलीये.